बारीक दाण्याची तीज

गव्हाची खालची पानं पिवळी पडायला लागली की अजूनही मला ती बघवत नाहीत. ते पिवळं पडणं म्हणजे आजार नव्हे, हे आता मला माहीत आहे. पण माहीत असून उपयोग नसतो. आर्णीच्या बाजारातून येताना रस्त्याकडेला कुणाचं ओंबीवर आलेलं वावर दिसलं की मी मान फिरवते. गाडी चालवणारे आमचे हे मागे न बघताच म्हणतात, "पडू दे गं पिवळं. आपलं नाही ते."

मी कोकणातली. आमच्याकडे भात. गहू म्हणजे दुकानातून पुडीत येणारी वस्तू. पाहुणे आले तर चपात्या, एरवी तांदळाची भाकरी. गव्हाचं रोप कसं दिसतं ते मी लग्नानंतर पाहिलं, तेही इथं, यवतमाळ जिल्ह्यात, माहेराहून इतक्या लांब की गावाकडचं कुणी आजारी पडलं तर बातमी आधी येते नि मी पोचेपर्यंत माणूस बरं तरी झालेलं असतं नाहीतर दुसरं काहीतरी.

शाळा सातवीत सुटली. आई अंथरुणाला खिळली आणि घरात चूल पेटवायला दुसरं कुणी नव्हतं. लोक हळहळले, पण मला आतून थोडं सुटल्यासारखं झालं होतं. वर्गात उभं राहून काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. बाईंनी "कळलं का?" म्हटलं की मी मान हलवायचे. कळलं तरी हलवायचे, नाही कळलं तरी हलवायचे. पाटी-दप्तर मागे राहिलं, मान हलवायची सवय तेवढी माझ्याबरोबर इथवर आली.

आमचे हे रस्त्याच्या कामावर होते. रस्ता जिथवर जाईल तिथवर आमचं बिऱ्हाड. आर्णीच्या पुढं काम संपलं, माणसं पांगली, आणि नेमकी ह्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. ज्या विहिरीवरून आम्ही पाणी भरायचो तिचे मालक यवतमाळला राहायचे. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी पुण्याला दिलेली. दर रविवारी वावर बघायला येत. त्यांनी ह्यांना स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणून सोडलं, नि विहिरीजवळची खोली उघडून दिली. म्हणाले, "बरं वाटलं की बघू. मला तसाही वावर राखायला माणूस लागतो." मी त्यांना काका म्हणायला लागले. ते मला ताई म्हणतात.

कुणी आपल्याला असं उचलून धरलं की किती बरं वाटतं, ते खरंच. पण त्याच्याबरोबर एक भीती येते, ती कुणी सांगत नाही. आपल्या हातून काही बिघडलं तर? काकांना वाटलं की चुकीची माणसं ठेवली तर? मी अंगण झाडलेलं परत झाडायचे. पिंपातलं पाणी अर्धं झालं की भरायचे. शेजारच्या बंजारा तांड्यातून एक बाई निंदणाला यायची, माझ्याहून थोडी मोठी, बोलायला फटकळ. ती मला कोकणवाली म्हणायची. मला असं सारखं धावताना बघून एकदा म्हणाली, "ओ कोकणवाली, अंगन झाडू झाडू खड्डा पाडतं का वं? विहीर हाये ना एक, दुसरी कायले पायजे?"

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा गहू उगवताना पाहिला. काका रविवारी आले की वाफ्यात उकिडवे बसायचे आणि रोप उपटून मला दाखवायचे. हे फुटवे. ही कांडी धरली. आता पोटरीत आला, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आत आहे, पोटुशी बाई कशी असते तसा. पानात काय साठतं, खोडात काय साठतं, ते मग कुठं जातं, असंही बरंच सांगायचे. त्यांना सांगायची हौस होती, ऐकायला घरात कुणी राहिलं नव्हतं. मी मान हलवायचे. त्यांचा आवाज ऐकायला बरं वाटायचं, आणि शब्द माझ्या डोक्यावरून पाखरांसारखे निघून जायचे.

ओंब्या बाहेर पडल्या आणि वावर असं काही देखणं दिसायला लागलं की मी माहेरी फोन करून सांगितलं. त्याच सुमाराला काकांच्या मुलीचं बाळंतपण आलं. जाताना त्यांनी ह्यांना सांगितलं, "आता फार काही करायचं नाही. एक हलकं पाणी, तेही वारा नसताना. काही वाटलं तर फोन करा. कधीही." शेवटचा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटला. मी मान हलवली.

ते गेले आणि पानं पिवळी पडायला लागली.

आधी अगदी बुडाची. मग त्याच्या वरची. रोज सकाळी मी जाऊन बघायचे, नि रोज पिवळेपणा बोटभर वर चढलेला असायचा. आमच्याकडे भाताचं पान पिवळं पडलं की आई म्हणायची, भुकेला गो तो. मग त्याला खत जायचं, पाणी कोंडून ठेवायचं. मला दुसरं काही माहीतच नव्हतं. काका पुण्याला, आणि त्यांचा गहू आमच्या राखणीत उपाशी मरतोय, एवढंच मला दिसत होतं.

तांड्यातल्या बाईला दाखवलं. तिनं पान हातात घेतलं, चुरगाळलं, टाकून दिलं.

"पिकाले लागला थो. राहू दे."

"अगं पण अजून दाणा हिरवा आहे."

"दाना हिरवाच राहीन ना. पानं आधी जातेत. तू काहून इतकी घाबरून राह्यली?"

मला वाटलं ती माझं मन राखायला बोलतेय. भ्यालेल्या माणसाला धीर दिला की तो खोटाच वाटतो.

फोन होता. मी तो घेऊन बांधावर जाऊन बसायचे. काय विचारू? काकांनी हे नक्की सांगितलं असणार, वाफ्यात बसून, पान हातात धरून. आणि मी मान हलवली असणार. आता विचारलं म्हणजे ती सगळी मान हलवणी खोटी होती, हे कळणार. नात झालेल्या माणसाला फोन करून हे कसं सांगायचं? मी फोन पदरात गुंडाळून परत यायचे.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, खत घालू. कोठीत युरियाची अर्धी गोणी होती. ती मुठीनं फेकली आणि मोटर चालू करून दांडानं पाणी सोडलं, आमच्याकडे भाताला सोडतात तसं, वाफा तुडुंब होईपर्यंत. त्या बाईची मुलगी बांधावर गवत कापत होती, लग्नाच्या वयाची, आईसारखीच जिभेला धार. ती ओरडली, "मावशी, गहू हाये थो, म्हैस नाई!" मी हसले. मला त्या दिवशी काहीतरी केल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. फार मोठा नव्हता. पण काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झाली होती, नि वर ओंब्यांचा भार. गहू आधी नुसता झुलला. मग एका बाजूनं बसला. मग म्हैस लोळून गेल्यासारखा वावराचा मधला मोठा तुकडा आडवा झाला आणि परत उठला नाही. मी तिथं उभी होते. गव्हाची काही ताटं हातानं उभी करून बघितली. हात सोडला की परत आडवी.

काका आले ते नातीच्या बारशाचे पेढे घेऊन. वावरात शिरले, बराच वेळ पडलेल्या गव्हात फिरले. आमचे हे मान खाली घालून बांधावर. मी खोलीच्या दारात, पेढ्यांचा पुडा हातात. शेवटी ते माझ्याजवळ आले, हातात एक उपटलेलं रोप. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे पान पिवळं कशानं पडत होतं सांगतो," ते म्हणाले. "उपाशी होतं म्हणून नाही. वाढून देत होतं म्हणून. इतके दिवस मातीतून घेतलेलं नत्र त्यानं पानात साठवलं होतं. दाणा भरायची वेळ आली की म्हातारं पान ते सोडतं, खोडातून वर पाठवतं. सगळंच असं हलत नाही. चुना एकदा ज्या पानात बसला तो तिथंच राहतो. पण नत्र निघतं, स्फुरद निघतं, आणि ओंबीत जातं. पान रिकामं होऊन पिवळं पडतं. तुमच्या युरियानं फार काही बिघडलं नसतं. बिघडवलं पाण्यानं. मुळांची पकड सुटली. आता खोड वाकलंय, वरची वाट चेपली. दाणे भरणार नाहीत."

मी मान हलवली.

त्यांनी ती हललेली मान बघितली. "मी सांगितलं नव्हतं का हे?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी पुड्याची दोरी ओढत राहिले. काका हळूच म्हणाले, "न कळता मान नका हलवत जाऊ, ताई." मग पेढ्याच्या पुड्याकडे बोट करून, "घ्या ना. उघडा. पोरगी झाली."

मी पुडा उघडला आणि त्यांच्यासमोर एक पेढा खाल्ला.

सोंगणीला तांड्यातली बाई आणि तिची मुलगी दोघी आल्या. उभा गहू भराभर होतो, पण पडलेला जीव घेतो. एकेक ताट उचलून कापावं लागतं. दोघींचे हात ओरबाडले. मुलगी मधूनच म्हणायची, "मावशी, पुढच्या टायमाले पोहाले शिकवजो त्याले." तिची आई तिला दटावायची, आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसायची. मळणीनंतर दोन ढीग पडले. एक टपोऱ्या दाण्याचा. दुसऱ्यातला दाणा किरटा, सुरकुतलेला, मुठीत घेतला तर हलका लागायचा.

आम्हाला वर्षाचे गहू द्यायचे ठरले होते. काकांनी ते चांगल्या ढिगातून मोजून दिले. मी म्हटलं, आम्हाला बारीकच द्या. ते म्हणाले, "तसं ठरलं नव्हतं," नि विषय संपवला. पण ते यवतमाळला गेल्यावर मी आमची पोती चांगल्या ढिगात रिकामी केली आणि पडलेल्या ढिगातले गहू भरून आणले. ह्यांना समजलं तेव्हा ते चिडले. "वाईट खाऊन गहू उभा राहणार आहे का परत?" उन्हाळाभर आम्ही त्या पिठाच्या चपात्या खाल्ल्या. कोंडाच जास्त. तव्यावर फुगायच्या नाहीत, कडेला चिरायच्या. त्या खाताना मला बरं वाटायचं हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. आणि त्यात काकांचा काही फायदा नव्हता, हेही मला माहीत होतं.

श्रावणात तांड्यात तीज असते. बिनलग्नाच्या मुली बांबूच्या टोपल्यांत वारुळाची माती आणि शेळीच्या लेंड्यांचं खत भरतात आणि त्यात भिजवलेले गहू पेरतात. टोपल्या तांड्याच्या नायकाच्या दारात मांडवाखाली मांडतात. मग नऊ दिवस गाणी म्हणत, फेर धरत त्यांना पाणी घालायचं. जिची तीज उंच नि हिरवीगार तिचं नशीब चांगलं, तिला नवरा देखणा, असं हसत हसत म्हणतात. पण त्यात हसण्यावारी काही नसतं. सगळा तांडा रोज जाऊन बघतो कुणाची किती आली ते. त्या बाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिची ही शेवटची तीज. पुढच्या श्रावणात ती मांडवाबाहेर उभी राहून दुसऱ्यांची बघणार होती.

एके दिवशी ती दारात आली. "मावशी, माह्या तीजले तुह्याच घरचे गहू पायजे. मी सोंगले ना थे. याडी म्हनते दुकानातून आन. मी म्हनलं, नाई, मावशीचेच." याडी म्हणजे तिची आई.

घरात फक्त बारीक गहू होते. एवढंच सांगायचं होतं. माझ्याकडे चांगले नाहीत गं, काकांच्या कोठीतून मागून देते. पण ते सांगितलं की ती विचारणार, चांगले कुठं गेले? मग अदलाबदल आली, मग तो वारा, ते पाणी, सगळं परत. ती माझ्याकडे इतक्या हौसेनं बघत होती. मी मान हलवली.

दुपारभर सूप घेऊन बसले. दाणा दाणा निवडला. त्यातल्या त्यात भरलेले वेगळे काढले आणि ओंजळभर गहू नव्या रुमालात बांधून तांड्यात नेले. बाईनं गाठ सोडली, दाणे बोटांमधून खाली सोडत पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे बघत होते. तिनं रुमाल परत बांधला. "भिजवतो," एवढंच म्हणाली.

टोपल्यांत कोंब फुटले तेव्हा फरक दिसला नाही. दोन-तीन दिवसांत दिसायला लागला. इतर मुलींची तीज सरळ वर चाललेली. आमची, म्हणजे तिची, विरळ नि फिकट, ओढून ताणून उभी केल्यासारखी. मी संध्याकाळी पाणी घालायच्या वेळी कडेला जाऊन उभी राहायचे. मुली फेर धरून गायच्या आणि गाणं संपलं की टोमणे सुरू व्हायचे.

"हे काय वं, तीज पेरली का कोथिंबीर?"

"तिचा नवरदेव उपवास करते वाटते!"

ती तोडीस तोड उत्तर द्यायची. पण एक-दोन दिवसांतच तिनं उत्तर देणं बंद केलं. पाणी घालून झालं की टोपलीची कड हातानं झाकून बसायची. जिनं गव्हाला पोहायला शिकव म्हटलं होतं, तीच ही मुलगी.

मी घरी आले आणि कोठीतला युरिया कागदात चिमूटभर बांधला. कुणी बघत नाही असं पाहून टोपलीत टाकायचा, पाण्याबरोबर. तांड्याच्या वाटेवर अर्ध्यात पोचले आणि पाय थांबले. मातीचा तोच वास होता, पाणी पिऊन फुगलेल्या काळ्या मातीचा. मी वाटेवरच बसले, पदरातून फोन काढला आणि लावला.

"काका, एक विचारू?"

ते म्हणाले, "विचारा की. कधीची वाट बघतोय."

"टोपलीत पेरलेला गहू फिकट पडलाय. वाढत नाही. काय घालू?"

"किती पानं आहेत?"

"एक. दुसऱ्याचं टोक दिसतंय."

"मग काही घालू नका. तो अजून आईच्या डब्यावर आहे."

मी मान हलवली. फोनवर. मग माझं मलाच कळलं, आणि मी म्हटलं, "कळलं नाही, काका."

ते हसले नाहीत. सावकाश सांगायला लागले. दाण्याच्या पोटातलं पीठ, ज्याची आपण पोळी करतो, ते खरं म्हणजे रोपासाठी बांधून दिलेलं असतं. कोंब फुटला की तो आधी तेच खातो. मुळं पाणी ओढतात, पण जेवण दाण्यातलं. दोन-तीन पानं झाली की हळूहळू स्वतःचं स्वतः मातीतून घ्यायला शिकतो. पुढं खोडाच्या बुडाशी दुसरी जाड मुळं फुटतात, तेव्हा कुठं पाट मांडून जेवायला बसतो. "आत्ता युरिया घातलात तर कोवळी मुळं भाजतील. तीज आहे ना तांड्यात? सावलीत असेल टोपली. उजेडाला सरकवा, निदान रंग येईल."

"आणि उंची?"

"ती डब्यावर. डबा भरतो ओंबीत असताना. पान रिकामं होतं, खोड रिकामं होतं, तेव्हा दाणा भरतो. ते मधेच अडलं तर डबा अर्धाच." मग त्यांनी विचारलं, "कोणते गहू दिलेत, ताई?"

मी सांगितलं.

"पण तुम्हाला तर मी चांगले..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. उन्हाळ्यात ते एकदा आमच्याकडे जेवले होते. ती चिरलेली चपाती त्यांनी न बोलता खाल्ली होती. "अहो, सांगायचं ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला होता की मला वाटलं आता तेच लाजलेत. तेच मला सगळ्यात असह्य झालं.

युरियाची पुडी मी बांधावर उकरून पुरली. तांड्यात जाऊन मुलीला उजेडाचं सांगितलं. तिनं नायकाच्या बायकोला विचारून टोपली मांडवाच्या कडेला सरकवली. रंग आला. उंची आली नाही.

शेवटच्या दिवशी सगळा तांडा जमला. मुली तीज उपटून तिचे झुबके थोरांच्या पगडीत खोचतात, पाया पडतात, आणि मग उरलेली वाजत गाजत नाल्यात सोडतात. बाकीच्या मुलींची तीज पगडीवर तुऱ्यासारखी उभी राहत होती. हिची खोचली की फेट्याच्या घडीत बुडून जायची. एका म्हाताऱ्यानं चाचपून विचारलं, "खोचली का वं? लागत त नाई कुठं." हशा झाला. मला वाटलं जमीन दुभंगावी.

तिनं कमरेवर हात ठेवले. "आबा, लंबी तीज त लंबा नवरदेव म्हनतेत ना? माह्यावाला पायला नाई का तुमी? माह्या खांद्याले लागते. तीज बराबर मापाची आली."

आता सगळेच हसले, टोमणे मारणाऱ्या मुली सगळ्यात जास्त. मग ती गर्दीतून माझ्याकडे आली. मी तांड्यातली नाही, थोरही नाही. "मावशी, डोकं खाली कर." मी केलं. तिनं ते आखूड झुबकं माझ्या अंबाड्यात खोचलं आणि वाकली. नाल्याकडे जाताना सगळ्या मुली गळ्यात गळे घालून रडल्या. तीही रडली.

परतताना तिची आई आणि मी मागे राहिलो. मीच म्हटलं, "तुला कळलं होतं ना, दाणा बघून?"

"आमाले दाना नाई कळन त कोनाले कळन?"

"मग परत का नाही केलेस?"

ती चालता चालता थांबली. "तू सांगाले लाजली. मी परत कराले लाजली. इतक्या मायेनं निवडून आनले, तोंडावर कसे फेकू? दोघीच्या लाजंत पोट्टीची तीज गेली."

ती रागानं नाही बोलली. मी विचारलं, "ती फार रडली का गं?"

"रडली. पन शेवटच्या दिवशी सगळ्याच रडतेत. कोनतं रडनं कशाचं, थे म्या नाई इचारलं."

मीही कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. सासर आदिलाबादच्या बाजूला. लग्नात मी पाहिलं, नवरदेव तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता.

त्याच हिवाळ्यात डब्याच्या तळाशी उरलेले बारीक गहू मी एका फुटक्या बादलीत पेरले. रंगाची बादली, ह्यांनी कुठून तरी आणलेली. कशासाठी पेरले ते सांगता येणार नाही. टाकवत नव्हते आणि खाववतही नव्हते. काकांना फोन करून विचारलं, किती पेरू. ते म्हणाले, थोडेच, दाटी नको. सुरुवातीला तीजेसारखीच किरटी, बघून जीव कसनुसा होई. मग बुडाशी ती दुसरी मुळं फुटली असावीत. कारण एका सकाळी बघते तर फुटवे आलेले, पान रुंद झालेलं. ओंब्या निघाल्या तेव्हा वावरातल्या आणि बादलीतल्या शेजारी धरल्या, तर मला फरक सांगता आला नाही. काकांनी बघून म्हटलं, "जागा मिळाली, जेवण मिळालं. भरून काढलं त्यानं." मला वाटलं ते गव्हाबद्दलच बोलतायत, आणि ते गव्हाबद्दलच बोलत होते.

होळीला ती माहेरी आली. नवी साडी, बोलणं कमी झालेलं. अंगणात बादलीपाशी थांबली.

"हे कोनते गहू, मावशी?"

"तुझ्या तीजेला दिले होते, तेच."

तिनं ओंबी चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरला. "भरला," ती म्हणाली, आणि उरलेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते मुठीत धरून राहिले. तिच्यासमोर खायची मला लाज वाटली.

"तिकडं कसं आहे गं? तिथली बोली कळते का?" मी विचारलं. तिच्या सासरी घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची आपली भाषा, पण बाहेर सगळी तेलुगू.

तिनं मान हलवली. पटकन, दोनदा, डोळे खाली करून. ती मान मी ओळखली. आणि ही मुलगी तर मान हलवणारी नव्हती. मग तीच म्हणाली, "नाई कळत, मावशी. काईच नाई कळत. सारे बोलतेत आन मी हो हो करतो."

आम्ही बादलीपाशी उकिडव्या बसलो. मी तिला काय सांगणार होते? बुडाची पानं पिवळी पडली होती. तिनं त्यातलं एक बोटानं उचललं. "हे उपाशी राह्यलं का? पानी नाई देल्लं?"

मी तिला सांगायला लागले, काकांनी सांगितलं होतं तसं. पान आधी साठवतं, मग सोडतं, खोडातून वर जातं, चुना तेवढा मागे राहतो. खरं तर ते मलाही पुरतं येत नाही. मधेच गोंधळले, दाण्याचं आधी सांगितलं नि पानाचं मागून.

"थांब, मावशी," ती म्हणाली. "हे नाई समजलं. पुन्हा सांग."

मी मुळापासून परत सुरुवात केली.